अंगावरचं तेल, साबणातलं तेल

दिवाळीच्या पहाटे तंजावरात शेजारीपाजारी एकमेकांना भेटले, की पहिला प्रश्न असतो : 'गंगास्नान झालं का?' गंगा इथून शेकडो कोस दूर. पण नरकचतुर्दशीला अंगाला तेल चोळून ऊन पाण्याने केलेली आंघोळ म्हणजेच गंगास्नान, अशी तमिळ घरांची श्रद्धा. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या काळापासून इथे वसलेल्या मराठी कुटुंबांना ही रीत नव्याने शिकावी लागली नाही. त्यांचं अभ्यंगस्नानही त्याच पहाटेचं. फरक एवढाच, की महाराष्ट्रात दिवाळीपुरती उरलेली तेलाची आंघोळ तमिळ रीतीप्रमाणे दर आठवड्याची : बायकांची मंगळवारी-शुक्रवारी, पुरुषांची बुधवारी-शनिवारी.

हे तेल तिळाचं. तमिळमध्ये त्याला 'नल्लेण्णै' म्हणतात, म्हणजे चांगलं तेल. तेलासाठी असलेला 'एण्णै' हा शब्दच मुळी तीळ आणि तूप या अर्थाच्या दोन शब्दांचा जोड. मराठीतलं 'तेल'ही तिळातूनच निघालेलं. भाषा दोन, पण दोघींच्या तोंडी तेल म्हणजे आधी तीळच!

आता मात्र वाटीतल्या तेलाची जागा अनेक घरांत हाताने बनवलेल्या साबणाने घेतली आहे. वेष्टनावर खोबरेल, तीळ, एरंडेल, कडुनिंब, कोकम बटर अशी भलीमोठी यादी आणि किंमतही तशीच भलीमोठी. एवढी तेलं घातल्यावर त्वचेच्या वाट्याला त्यातलं किती येतं, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळलं, की तेल तेल राहत नाही. त्याचे दोन पदार्थ होतात, साबण आणि ग्लिसरीन. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचा साबण व्हायला सुमारे १८ ग्रॅम सोडा लागतो, तिळाच्या तेलाला १३ ग्रॅमच्या आसपास. जाणकार कारागीर सोडा मुद्दाम थोडा कमी घालतात, म्हणजे शंभरातलं पाचेक भाग तेल साबण न होता तसंच उरतं. मोठ्या कारखान्यांत ग्लिसरीन बहुधा वेगळं काढून घेतात. हातच्या साबणात ते वडीतच राहतं आणि त्वचेतला ओलावा धरून ठेवायला मदत करतं. या साबणाचा खरा फायदा तो हाच.

बाकी तेलांचे गुण फेसात उतरतात. पट्टुकोट्टै-पेरावुरणीकडच्या माडांचं खोबरेल तेल वडीला कडकपणा आणि भरपूर फेस देतं. मळही झटकन काढतं, पण नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी कोरडी करतो. एरंडेलाने फेस दाट होतो आणि टिकतो. तिळाच्या तेलाने वडी मऊ होते, म्हणून ते बेताने घालायचं.

राहिलं कोकम. तंजावरच्या मराठी स्वयंपाकघराशी त्याचं जुनं नातं. महाराष्ट्रातून येणारं कोकम संपलं म्हणून आमटीत चिंच घातली आणि सांबार जन्मलं, अशी आख्यायिका आहे. कोकमाची साल आमटीत जाते आणि बियांपासून घट्ट कोकमतेल निघतं. कोकणात थंडीत भेगाळलेल्या टाचांना ते कोमट करून चोळतात. ते अंगाच्या उष्णतेने हळूहळू मऊ होतं आणि भेगेवर साय धरावी तसं बसतं. पण हा गुण टाचेवर राहिलेल्या तेलाचा. तेच तेल साबणात घालून मिनिटाभरात मोरीत वाहून गेलं, तर टाचेला काय मिळणार? शिवाय साबण घरचा असो वा कारखान्याचा, तो अल्कधर्मीच, आणि निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असंही नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिलं, की ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचंही संरक्षक आवरण बिघडतं, सूर्यफुलाच्या तेलाने ते टिकतं. ढाक्याच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावलं, तेव्हा रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी घटल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. म्हणून तान्ह्या बाळाला तेल लावताना डॉक्टरांना विचारावं आणि झणझणीत मोहरीचं तेल टाळावं. चेहऱ्यावर मुरुमं असतील, तर तिथे खोबरेल नको. आणि घरी साबण करायची हौस असेल, तर ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नये, डोळ्यांना चष्मा नि हातांना मोजे असावेत. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीच ओतू नये. मुलांना दूर ठेवावं. तयार वड्या चार ते सहा आठवडे वाळू द्याव्यात.

पारखून घेण्याची ही शिस्त तंजावरला परकी नाही. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सगळ्या पद्धतींची औषधं तिथे पारखली जात. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रं काढून उपचारांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. अनुभवाला आलेले औषधयोग तमिळ पद्यात बांधले गेले आणि पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापले.

तीच रीत घरातही चालावी. नवं तेल किंवा साबण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावं. लाली, खाज आली, तर सोडून द्यावं. साबण साधा, सौम्य असला तरी चालतो, आणि तोही काखा, पाय, घामाच्या जागा एवढ्यापुरता. वाचलेल्या पैशांत घाण्याचं तेल आणावं. आंघोळीनंतर अंग टिपून, ते दमट असतानाच चार थेंब चोळावेत.

तंजावरच्या आज्या आधी तेल चोळायच्या आणि मग शिकेकाई किंवा मुगाच्या पिठाने वरचेवर काढायच्या. त्यात सगळं तेल धुतलं जात नसे, एक पातळ थर अंगावर राहायचा. त्या आंघोळीचं सगळं पुण्य त्या उरलेल्या थरात होतं.