परीक्षक कोण नेमणार?

'एआय एजंट' म्हणजे स्वतःच पायऱ्या ठरवून, संगणकातील नोंदी वाचून व बदलून काम उरकणारी आज्ञावली. लँगचेनसारखी तयार चौकट हाताशी असली की ती थोड्या दिवसांत उभी राहते. उभारणी सोपी झाली. कसोटी अवघडच राहिली, आणि हितसंबंध शिरतात ते नेमके येथे.

सिएरा या अमेरिकन कंपनीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'टाऊ-बेंच' ही कसोटी प्रसिद्ध केली. तीत किरकोळ विक्री व विमान कंपनी यांच्या ग्राहकसेवेची कामे आहेत. जीपीटी-४ओ या तेव्हाच्या नामांकित मॉडेलवर चालणाऱ्या एजंटाला निम्मी कामेही साधली नाहीत. एकच काम आठ वेळा दिल्यास आठही वेळा बरोबर करण्याचे प्रमाण विक्रीच्या कामांत २५ टक्क्यांहूनही कमी भरले. पुढची मॉडेले सुधारली, हे मान्य. परंतु कारकुनाने एकदा हिशेब बरोबर केला म्हणून त्याच्या हाती कोणी तिजोरीच्या किल्ल्या देत नाही! यंत्राच्या बाबतीत मात्र एकवारच्या यशाचा आकडा पुरेसा मानावा काय?

शिवाय या कसोटीत ग्राहकाची भूमिकाही भाषा-मॉडेलच वठवते, आणि गुण मिळतात ते मुख्यतः अखेरच्या नोंदी जुळल्या की नाही यावरून. खिडकीपाशी ताटकळलेला माणूस त्यात कोठेच नाही.

कामगार संघटनांनी यंत्राला सरसकट विरोध करण्यात शक्ती दवडू नये. कसोटीचे प्रश्न ते काम वर्षानुवर्षे केलेल्या कर्मचाऱ्यांनी काढावेत, सलग यशाचे प्रमाण जाहीर व्हावे, एजंटाच्या प्रत्येक पायरीची नोंद संघटनेस पाहावयास मिळावी, अशी मागणी करावी. ती मान्य होईपर्यंत एकाही जागेची कपात स्वीकारू नये.