येळवसेची भज्जी आणि फवारलेल्या शेंगा



मार्गशीर्ष सरत आला. येळवस तोंडावर आली. घरोघरी बाया शेंगा सोलावयास बसल्या असतील, आणि शेतातल्या कोपीसाठी कडब्याच्या पेंढ्या कोणाकडून आणाव्यात याची चौकशी चालली असेल. चौकशी म्हणतो, कारण पूर्वी कडबा मागावा लागत नसे. आता ज्वारीच कमी झाली, तेव्हा पूजेपुरत्या पाच पेंढ्यादेखील शेजाऱ्याकडून आणणारी घरे मी पाहिली आहेत.

लातूर जिल्ह्यात या दिवशी गाव ओस पडते आणि शिवार भरते. जिल्हाधिकारी स्थानिक सुटी देतात, शहरातल्या पेठांतही दुपारी माणूस दिसत नाही. धाराशिवकडे, नांदेडच्या आपल्याला लागून असलेल्या भागात आणि सीमेपलीकडे बीदरकडेही हा सण आहे. कानडी मुलखात याला एळ्ळ अमावस्या म्हणतात. एळ्ळ म्हणजे तीळ. आपण त्याची वेळ अमावस्या केली आणि बोलताना येळवस. ज्यांच्याकडे हा सण नाही त्यांना सांगतो : रानात कडब्याची कोपी करतात, आत दगडाचे पाच पांडव चुन्याने रंगवून मांडतात, पूजा करतात, आणि मग ओळखीचा-अनोळखी जो कोणी बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवावयास बसवतात. ताटात भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील.

या सदरात आज भज्जीविषयी लिहावयाचे आहे. कृती तर सांगतोच, पण त्या निमित्ताने एक जुनी गोष्टही सांगावयाची आहे. ती सांगण्यास मला वीस वर्षे लागली.

आधी कृती. दहा-बारा माणसांच्या अंदाजाने सांगतो. ज्या घरात पन्नास माणसे जेवतात तिथल्या सुगरणीला मी माप सांगणे बरे नव्हे. तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे मिळून एक किलो घ्यावेत. भुईमुगाचे दाणे वाटीभर. मेथीच्या दोन जुड्या, चुका, पालक आणि कांद्याची पात प्रत्येकी एक जुडी. चार गाजरे, चार लहान वांगी, मूठभर बोरे. हरभऱ्याचे पीठ पाव किलो. चिंचेचा लिंबाएवढा गोळा, दोन गड्डे लसूण, हिरव्या मिरच्या आपल्या जिभेप्रमाणे. चिंच पानचिंचोलीची, डाळ बोरसुरीची आणि कोथिंबीर कास्तीची, असे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतात. या तिन्हींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिन्ही जिन्नस येळवसेच्या स्वयंपाकातलेच आहेत, हे ध्यानात घ्यावे.

भुईमुगाचे आणि सारे ओले दाणे प्रथम पाण्यात शिजत घालावेत. दाणा बोटात चेपेपर्यंत चिंच किंवा चुका अजिबात पडू देऊ नये. आंबटाने दाण्याचे साल आवळते, आणि मग कितीही जाळ घातला तरी दाणा कडकच राहतो. पुष्कळ ठिकाणी भज्जी ‘यंदा जमली नाही’ म्हणतात, तिचे कारण बहुधा एवढेच असते. दाणे शिजत आले की गाजर, वांगी घालावीत. दुसऱ्या पातेल्यात तेल तापवून जिरे, ठेचलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा परतावा, हळद घालावी, त्यावर चिरलेल्या पालेभाज्या घालाव्यात. पाला बसला की शिजलेले दाणे पाण्यासकट ओतावेत आणि बोरे टाकावीत. आता चिंचेच्या कोळात पीठ गुठळी न ठेवता कालवून बारीक धारेने सोडावे, दुसऱ्या हाताने ढवळीत राहावे. मीठ घालून मंद जाळावर पंधरा-वीस मिनिटे रटरटू द्यावे. पिठाचा कच्चा वास गेला की झाली. पिठल्याहून सैल, आमटीहून घट्ट. गार झाली की आणखी आळते, म्हणून उतरवताना थोडी पातळच असावी.

आता या भज्जीत काय काय आले ते पुन्हा वाचा. तेल-मीठ सोडले तर यात दुकानातून आणावे लागेल असे काही नाही. त्या आठवड्यात शिवारात जे हिरवे आहे ते सारे एका पातेल्यात. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते डाळीचा दाणा भरून काढतो, आणि बोरातले ‘क’ जीवनसत्त्व शिजताना थोडे गेले तरी उरलेले पाल्यातले लोह अंगी लागावयास मदत करते. मूठभर बोरे कच्चीच खाल्ली तर अधिक चांगले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्यांतल्या पुष्कळ जणी शेतात राबणाऱ्याच असणार. जेवण होताच कपभर चहा घेण्याची सवय मात्र सोडावी. चहा पोटातले लोह अंगी लागू देत नाही. तास-दीड तासाने घ्यावा.

हे झाले चांगले. आता ती गोष्ट.

मी परभणीहून बी.एस्सी. (कृषी) होऊन नोकरीस लागलो तेव्हा आमच्या हाती एकच काम होते : उत्पन्न वाढवा. आम्ही मन लावून ते केले. सोयाबीन आले, हाती रोख पैसा आला, पोरे शिकली. ते चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. पण ज्वारी-तुरीच्या पाट्यांत आमच्या आया-आज्या जी मूठभर अंबाडी, वाल, मटकी, तीळ, कारळे टाकीत, ती ‘भेसळ’ काढून टाका, एकच पीक सरळ ओळीत घ्या, असे आम्ही बांधाबांधावर सांगितले. औसा तालुक्यातल्या एका गावी एक म्हातारी मला म्हणाली, “सायब, तुमचं पैशाचं पीक आलं, पर माजं कोरड्यास गेलं की.” मी हसलो. कोरड्यास काय, बाजारात मिळते, असे मला वाटले.

त्याच घरी २००४ सालच्या येळवसेला मला जेवावयाचे बोलावणे होते. त्या वर्षी तुरीवर शेंगा पोखरणारी अळी फार होती. घरच्या मालकाला औषधाचे नाव आणि पंपाला किती घालावयाचे ते मीच चिठ्ठीवर लिहून दिले होते. त्यांनी आणले आणि सवड मिळाली तेव्हा फवारले. सवड मिळाली ती येळवसेच्या आदल्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पोरे रानात. मोठी माणसे पूजेच्या गडबडीत, पोरे तुरीच्या शेंगा तोडून दाताने सोलून खात होती. आपण सगळ्यांनी लहानपणी तेच केले आहे. मी बाराच्या सुमारास पोचलो तेव्हा तीन पोरे कोपीच्या सावलीत पडली होती. उलट्या, अंगाला घाम, तोंडातून लाळ. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे उन्हाचे पित्त. पांढऱ्या पडलेल्या तुरीच्या पानांवरचे वाळलेले थेंब पाहिले आणि माझ्या पायांतले बळ गेले. जीप करून पोरांना तालुक्याला नेले. औषधाचा डबा मी बरोबर घेतला होता, तो डॉक्टरांच्या पुढे ठेवला. लगेच इंजेक्शने सुरू झाली. रात्रभर आम्ही बाहेर बसून होतो. तिसऱ्या दिवशी पोरे घरी आली.

ती आजी मला रागे भरली नाही. चहा दिला. मग म्हणाली, “सायब, औषध किती टाकायचं ते तुमी लिवलं. शेंगा कवा खायच्या ते न्हाई लिवलं.”

त्या दिवसापासून मी कोणालाही चिठ्ठी लिहिताना औषधाच्या मापाखाली दुसरी ओळ लिहितो : इतके दिवस शेतातले काही खाऊ नये. हा आकडा डब्यासोबतच्या पत्रकावर छापलेला असतो. अक्षर बारीक असते, पण शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे. औषधाप्रमाणे आणि पिकाप्रमाणे तो बदलतो. आणि तो आकडा बहुधा वाळलेल्या धान्याचा हिशेब धरून दिलेला असतो, हिरवी शेंग तोडून खाणाऱ्या पोराचा नव्हे. म्हणून त्याहून चार दिवस जास्तच धरावेत. डब्यावरचा त्रिकोण पाहावा. लाल आणि पिवळा असेल तर ते फार जहाल, निळा त्याखालोखाल, हिरवा त्याहून सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. शेंगा धुतल्या म्हणजे झाले असेही समजू नये. काही औषधे झाडाच्या अंगात भिनतात, ती पाण्याने जात नाहीत.

मग अळी येते त्याचे काय करावयाचे? मी सांगतो ते एवढेच. तुरीची चार तासे आणि हरभऱ्याचा एक वाफा घरच्या खाण्यासाठी राखावा. फवारताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचा कडेचा तुकडा निवडावा, म्हणजे उडालेले औषध त्यावर येत नाही. चारी कोपऱ्यांस पांढरी चिंधी बांधावी, आणि फवारणारा गडी रोजंदारीचा असेल तर त्याला हाताने धरून दाखवावे. या चार तासांवर पाच टक्के निंबोळी अर्क मारावा : पाच किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा रात्री पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, शंभर लिटर पाणी करावे. भरडा कमी तर पाणीही त्याच हिशेबाने. अळी दिसू लागली की झाडाखाली पोते अंथरून झाड हलवावे, अळ्या खाली पडतात, कोंबड्यांना घालाव्यात. मध्ये दोन काठ्यांचे पक्षिथांबे उभे करावेत. थोडी अळी राहील. चार तासांतल्या शेंगा अळीनेही थोड्या खाल्ल्या तर खाऊ द्याव्यात.

यंदा हे सांगण्यास उशीर झाला असेल आणि तुमचे सारे रान नुकतेच फवारलेले असेल, तर संकोच न करता भावकीत विचारावे. ज्याने फवारले नाही त्याच्या रानातून दोन पाट्या शेंगा आणाव्यात. येळवसेला शेंगा मागितल्या तर कोणी नाही म्हणत नाही. पोरांना सकाळीच, रानात पाय ठेवण्याआधी, कोणत्या तुरीला हात लावावयाचा नाही ते सांगावे. आणि ज्या बादलीत औषध कालवले ती आंबिलीसाठी, पाण्यासाठी, कशासाठीच घेऊ नये, कितीही घासली तरी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशी बादली मी दोनदा पाहिली आहे. दुर्दैवाने कोणाला त्रास झालाच तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि घरगुती उपायांत वेळ न दवडता डब्यासह दवाखाना गाठावा.

बांधावरच्या पाल्याचेही तसेच. पावसाळ्यातली घोळ, पाथरी, तांदुळजा, कुर्डू ही फुकटची भाजी. पण अलीकडे बांधावर तणनाशक मारतात आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी माणसे सवयीने तिथलीच भाजी खुडून आणतात. घरात तणनाशक मारणारा एक आणि भाजी खुडणारा दुसरा असतो, दोघांचे बोलणे झालेले नसते.

हरभऱ्याचे शेंडे मात्र बिनधास्त खुडावेत, फवारणी झालेली नसेल तर. पेरणीनंतर महिनाभराने, फुले धरण्यापूर्वी, शेंडे खुडले की फांद्या फुटतात, म्हणजे भाजीही मिळते आणि पिकाचाही फायदा. कोवळा पाला बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचे कूट, मीठ आणि कच्चे तेल घातले की घोळाणा होतो. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर याला तोड नाही. जास्त झाला तर सावलीत वाळवून ठेवावा. उन्हाळ्यात माळवे आटते तेव्हा तोच पाला पीठ पेरून शिजवावा. नांदेडकडच्या भगिनी अंबाडीचेही असेच करतात आणि कण्यांबरोबर वाढतात. लसणाच्या फोडणीचे तेल वरून सढळ हाताने घालतात, ते मला लातूरकरांना शिकवावेसे वाटते.

आंबिलीबद्दल दोन ओळी. आदल्या रात्री ज्वारीचे पीठ ताकात कालवून मडक्यात झाकून ठेवावे, सकाळी पाणी घालून सतत ढवळीत शिजवावे, गार झाल्यावर पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरे, मीठ, कोथिंबीर. आंबिली व भज्जी दोन्ही आंबट. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात घटकाभरही ठेवू नयेत, कळकतात. मडके किंवा स्टील बरे. रात्री रानातून परतताना उरलेली भज्जी घरी आणावयाची असेल तर चुलीवर एक उकळी देऊनच झाकण लावावे. सकाळी ती शिळ्या भाकरीबरोबर आदल्या दिवसापेक्षा चांगली लागते.