मिठागर म्हणजे पडीक जमीन नव्हे!

मंडळी, हल्ली 'मिठागर' हा शब्द वर्तमानपत्रात दिसला की पुढे 'एकर' हा शब्द येणार हे ठरलेलंच. मीठ किती पिकलं हे कुणी छापत नाही. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीतल्या अपात्र रहिवाशांच्या घरांसाठी घ्यायचं ठरवलं, तेव्हाही चर्चा झाली ती एकरांचीच. म्हणे जमीन पडीक आहे!

गरिबाला घर हवं, याबद्दल माझा वाद नाही. पण मिठागर मुळात सखल असतं. भरतीचं पाणी आपसूक आत यावं म्हणूनच ती जागा निवडलेली असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असं पाणी जिथे उतरतं तिथेच भराव घातला तर ते कुठे जाईल? शेजारच्या वस्तीत. म्हणजे एका गरिबाला घर देताना दुसऱ्याच्या घरात पाणी! हे सातवीच्या मुलालाही कळतं.

दुसरी बाजूही मला पटत नाही. काही पर्यावरणप्रेमी म्हणतात, मिठागर म्हणजे निसर्ग, त्याला हातच लावू नका. अहो, मिठागर हे माणसाने केलेलं शेत आहे. कित्येक आगरं तिवरं तोडूनच झालेली आहेत. माणसाने बांध घालणं सोडलं की ते शेत मोडतं, आणि मोडलेल्या शेतावर बिल्डरची नजर जाते.

हे शेत चालतं कसं? समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उधाणाच्या भरतीला उघाडीतून पाणी घ्यायचं आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं. आधी जिप्सम तळाशी बसतं, मग शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. आटवायला ऊन आणि वारा पुरतो. उरतं ते मॅग्नेशियमचं कडू पाणी. पहिल्या कप्प्यांतल्या उथळ पाण्यात किडे, कोळंबीची पिल्लं, शेवाळ असतं, म्हणून तिथे पक्षी येतात. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ म्हणून मान मिळाला, तो काही आकाशातून पडला नाही.

तेव्हा विकास करायचाच तर मिठागराचा करा. नव्या वाफ्यासाठी एकही तिवर तोडू नका. कडू पाणी एकदम खाडीत ओतू नका. त्यातून मॅग्नेशियमचे क्षार काढता येतात. डिझेलच्या पंपाऐवजी सौर पंप बसवा. २००६ पासून आयोडीन नसलेलं खाण्याचं मीठ विकायला बंदी आहे. मग छोट्या आगरवाल्यांना सहकारी तत्त्वावर आयोडीन मिसळायचं यंत्र द्या. दिवसभर मिठात उभ्या राहणाऱ्या मजुराला बूट, काळा चष्मा आणि प्यायला गोडं पाणी द्या. यात अशक्य काय आहे?

१९३० साली वडाळ्याला आणि शिरोड्याला मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या. ती जमीन तेव्हा कुणाला पडीक वाटली नव्हती.

ज्यांना आजही पडीक वाटते, त्यांनी जुलैतल्या एखाद्या उधाणाला, पाऊस कोसळत असताना, भांडुपच्या बांधावर तासभर उभं राहावं. मग बोलू.