राखणीचा कॅमेरा आणि श्रावणांतलें ऊन

रोवणी आटोपली कीं आपल्या भागांतील धानाच्या शेतकऱ्यास राखणीची काळजी लागते. धान दुधावर आला म्हणजे रानडुकरांचे कळप बांधींत उतरतात आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रींत तुडवून जातात. म्हणून मचाणावर जागल करणें प्राप्त होतें. परंतु सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी या टापूंत जागल हा आतां केवळ झोपेचा प्रश्न राहिलेला नाहीं. सन २०२५ च्या मे महिन्यांत तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या मेंढा-माल येथील तीन स्त्रियांचा एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मृत्यु झाला, ही गोष्ट आपल्यापैकीं कोणी विसरला नसेल. भल्या पहाटे एकट्यानें धुऱ्यावर जावें कीं न जावें, हें रात्रीं तेथें काय फिरून गेलें तें कळल्यावांचून ठरविणें धोक्याचें झालें आहे.

याच कारणास्तव सोलर प्लेटवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांविषयीं आमच्याकडे वरचेवर विचारणा होते. ताडोबाच्या बफर क्षेत्रांतील सीतारामपेठ या गांवीं २०२३ सालीं गांवाच्या कडेला कॅमेरे उभारून, वाघ दिसतांच गांवास सावध करण्याची योजना सुरू झाली. तेव्हांपासून लोकांस वाटूं लागलें कीं, तसाच एक कॅमेरा आपल्या बांधींत उभा केला म्हणजे काम झालें. कॅमेरा घेऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. जो बहुधा घेतला जातो तो घेऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे. आणि त्याचें कारण विजेच्या हिशेबांत आहे.

बाजारांत दोन जातींचे कॅमेरे मिळतात. एक अहोरात्र जागा राहतो आणि घरबसल्या मोबाईलवर शेत दाखवितो. दुसरा निजलेला असतो. समोरून उष्ण अंगाचें जनावर हललें कीं जागा होतो, चित्र घेऊन तें धाडतो व पुन्हां निजतो. व्याघ्रगणनेंत वापरतात ते दुसऱ्या जातीचे. २०१८ च्या गणनेंत देशांत २६,८३८ ठिकाणीं असे कॅमेरे लावले होते.

जागा राहणारा कॅमेरा सरासरी ५ वॅट वीज खातो असें धरल्यास त्यास दिवसाकाठीं १२० वॅट-तास लागतात. त्यास ४० वॅटची प्लेट जोडली, तर वैशाखांत भर उन्हाच्या सुमारें ६ तासांइतकी वीज मिळते. तारेंत, बॅटरींत व धुळीमुळें जाणारा तीन-दशांश भाग वजा जातां १६८ वॅट-तास हातीं येतात आणि कॅमेरा मजेंत चालतो. श्रावणांत झड लागली म्हणजे तीच प्लेट भर उन्हाच्या एखाद्या तासाइतकीच वीज देते. म्हणजे मिळकत २८ आणि खर्च १२०. बारा व्होल्टची २० अँपिअर-तासांची बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी तींत २४० वॅट-तासच मावतात. तिसऱ्या दिवशीं कॅमेरा आंधळा होतो. उलट निजणाऱ्या कॅमेऱ्यास दिवसाला दोन-तीन वॅट-तास पुरतात, आणि ५ वॅटची लहानशी प्लेट त्याच झडींतहि साडेतीन मिळवून देते. हलका धान निसवूं लागतो तेव्हां पावसाळा सरलेला नसतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कोणता कॅमेरा घ्यावा हें वेगळें सांगावयास नको. विकणारा मात्र आपला माल उन्हाळ्यांत दाखवितो.

येथें आमचीच फजिती सांगतों. पहिला कॅमेरा आम्हीं चैत्रांत धुऱ्यावरच्या मोहाजवळ उभा केला. तेव्हां मोहाला पान नव्हतें; प्लेट दिवसभर उन्हांत होती. आषाढांत झाड गच्च झालें आणि एक फांदी प्लेटच्या कोपऱ्यावर आली. कोपराच तो, म्हणून आम्हीं दुर्लक्ष केलें. पण प्लेटमधील घरें एकामागें एक अशीं जोडलेलीं असतात. एक घर सावलींत गेलें कीं साऱ्या रांगेची वीज अडते, जशी बुजलेल्या एका मोरीमुळें खालच्या सर्व बांध्या कोरड्या राहाव्या. प्लेट मोकळ्या धुऱ्यावर, दक्षिणेकडे तोंड करून, सुमारें २० अंश कलती बसवावी. आपलें स्थान विसाव्या अक्षांशाच्या किंचित् उत्तरेस असल्यानें हा कल सोईचा पडतो, आणि पावसानें धूळ व पांखरांची घाण वाहून जाते. कॅमेऱ्याचें तोंड उत्तरेकडे असावें, म्हणजे भिंगावर ऊन येत नाहीं. बॅटरीची पेटी प्लेटच्याच सावलींत टांगावी. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपुढें जातो, आणि त्या उष्णतेंत लिथियमच्या बॅटरींत वीज भरणें तिच्या आयुष्यास बाधक होतें.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. निजणारा कॅमेरा जनावराच्या अंगाची ऊब व भोंवतालची उष्णता यांतील फरकावर जागा होतो. रात्रीं हा फरक मोठा असतो. वैशाखाच्या दुपारीं, जमीनच अंगाइतकी तापली असतां, तो उरत नाहीं व वाघ समोरून गेला तरी कॅमेरा निजूनच राहूं शकतो. चित्र आलें नाहीं म्हणजे वाघ नाहीं असा अर्थ कोणीहि काढूं नये, आणि तेंदू-मोहाच्या हंगामांत तर मुळींच काढूं नये. जेथें मोबाईलची रेंज नाहीं, तेथें चित्र कॅमेऱ्यांतच राहतें. म्हणून खरेदीपूर्वीं त्याच धुऱ्यावर फोन लावून पाहावा.

कॅमेऱ्याचें तोंड पांदणीकडे कधींहि नसावें. उत्तराखंडांत कॉर्बेटच्या परिसरांत वनांतील कॅमेऱ्यांमुळें स्त्रियांस जंगलांत मोकळेपणानें वावरणें कठीण झालें, असें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिसून आलें. आपल्या गांवांतील आयाबहिणींस तसें वाटूं लागलें, तर राखणीचा हा उपाय नको असेंच आम्ही म्हणूं.

एकेकट्यानें महाग कॅमेरा घेण्याऐवजीं शेजारच्या आठ-दहा जणांनीं मिळून निजणारे तीन-चार घ्यावे, जंगलाकडील धुऱ्यांवर लावावे, आणि दर आठवड्यास प्लेट पुसणें व वाढलेली फांदी छाटणें हें काम पाळीपाळीनें वांटून घ्यावें. वाघाचें चित्र आल्यास तें प्रथम वनरक्षकास व शेजाऱ्यांस कळवावें. गांवभर फिरवूं नये, कारण मग पाहणाऱ्यांची गर्दी धुऱ्यावर जमते. ज्यांनीं असा प्रयोग केला असेल त्यांनीं श्रावणांतील आपला अनुभव आम्हांस अवश्य लिहून कळवावा, उन्हाळ्यांतील नको.