तडकलेले फॉग लाइट आणि हंगामातली पहाट



गळीत हंगाम चालू झाला की आपल्या अंकात उतारा, पहिली उचल, तोडणी कार्यक्रम आणि वाहतुकीचे दर याशिवाय काही वाचायला मिळत नाही, अशी तक्रार असते. तक्रार खरी आहे. वाहतुकीचा विषय निघाला तरी बोलणे दरावर येऊन थांबते, रस्त्यावर जातच नाही. म्हणून आज रस्त्यावरच बोलायचे आहे, आणि तेही एका बारक्या वस्तूबद्दल. मोटारीच्या बंपरमध्ये खाली दोन बाजूंना जे लहान दिवे असतात, ज्यांना आपण सगळे फॉग लाइट म्हणतो, ते तडकले तर काय करावे, याबद्दल.

कोणी म्हणेल, ऊसवाल्याला फॉग लाइटचे काय कौतुक? अहो, कौतुक नसते तर बरे होते. धुके पडते ते थंडीत आणि ऊस तुटतो तोही थंडीत. नदीकाठच्या पट्ट्यात, पाटाच्या कडेला, भिजवलेल्या रानांच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे धुके बसते, आणि त्याच वेळी डबल ट्रॉल्या, टायरगाड्या आणि छकडे गव्हाणीकडे निघालेले असतात. हवामान खात्याच्या हिशेबाने एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले की धुके, दोनशे मीटरच्या आतले दिसेनासे झाले की दाट धुके आणि पन्नास मीटरच्या आतलेही दिसेना झाले की अतिदाट धुके. हा शेवटचा प्रकार नदीकाठच्या सभासदाला कोणी शिकवायला नको.

आता जरा आकडा मांडून बघा. ताशी साठच्या वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक जाते. समोर काही दिसले, डोक्यात शिरले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच पंचवीस मीटर संपले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण पंचेचाळीस-पन्नास मीटर झाले, आणि दिसतेय तीस मीटर. ताशी तीसने गेलात तर हाच हिशेब अठरा-वीस मीटरमध्ये बसतो. उसाने भरलेली टायरगाडी पुढे संथ चाललेली असते, तिला ना दिवा ना हॉर्न. तिच्यावर माणूस बसलेला असतो आणि पुढे दोन बैल असतात. बीड-उस्मानाबादकडून, म्हणजे आताच्या धाराशिवकडून, बिऱ्हाड घेऊन आलेल्या त्या माणसाने काही आपल्या गाडीच्या दिव्यांची परीक्षा घ्यायला इकडे यायचे नाही.

धुक्यात मोठा लाइट टाकला की पुढे पांढरी भिंत उभी राहते, हा अनुभव सगळ्यांना आहे. धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. प्रकाश त्यांच्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून फॉग लाइट खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर बसवतात. त्याचा उजेड आडवा, रुंद आणि बुटका असतो आणि वरच्या बाजूला तो सुरीने कापल्यासारखा संपतो. रस्त्याची कड, साइडपट्टी, पांढरा पट्टा, एवढेच त्याने दाखवायचे. लांबचे दाखवणे हे त्याचे कामच नाही. पिवळा दिवा धुके फोडतो अशी एक समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा इतके मोठे असतात की पिवळा काय आणि पांढरा काय, दोन्ही सारखेच विखुरतात. पिवळ्याने डोळ्यांना थोडे कमी दिपते, असे मात्र पुष्कळ चालक सांगतात. फ्रान्स देशात मोटारींचे पुढचे दिवे पिवळेच पाहिजेत असा नियम कित्येक वर्षे होता, तो १९९३ साली गेला. तेव्हा रंगावर वाद घालण्यात अर्थ नाही. खरी गोष्ट आहे ती उजेडाच्या वरच्या कापलेल्या रेघेची, आणि काच तडकली की नेमकी तीच बिघडते.

तडा म्हणजे काचेत तयार झालेली नवी धार. उजेड त्या धारेवर फुटून वाट्टेल तिकडे जातो आणि त्यातला बराचसा वर जातो. वर गेलेला उजेड तुमच्याच समोरचे धुके पेटवतो, आणि समोरून येणाऱ्या छकडेवाल्याच्या डोळ्यांवर अंधारी आणतो. नंतर तड्यातून पाणी आत जाते. आतल्या आरशाचा चकचकीत थर काळवंडतो, वायरच्या टोकांना हिरवा गंज धरतो, आणि एके दिवशी फ्यूज जातो. पुष्कळ गाड्यांत दोन्ही फॉग लाइटना मिळून एकच फ्यूज असतो. म्हणजे डाव्या दिव्यात पाणी शिरले की उजवा चांगला असूनही विझतो. पंचावन्न वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतात, हे ध्यानात ठेवा. हा भार काही घरातल्या देवघराच्या दिव्याएवढा नव्हे.

तडे कशाने जातात? निम्मे तडे पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खडीने. उरलेले आपल्याच कर्माने. गाडी बांधावर घालायची, खोडव्याच्या सरीतून काढायची, पाचटाच्या ढिगाला बंपर टेकवून उभी करायची, आणि वर म्हणायचे, “कंपनीनं माल हलका घातलाय.” आणखी एक प्रकार आहे. दिवा अर्धा तास चालू असला की त्याची काच तापते. अशा वेळी गाडी पाटाच्या पाण्यातून घातली की गरम काचेवर थंड पाणी उडते आणि ती चरकन तडकते. जुन्या खऱ्या काचेच्या दिव्यांना हे जास्त होते, प्लॅस्टिकच्या काचेला कमी. पण प्लॅस्टिकवर खडीचे ओरखडे उठून ती उन्हाने धुरकट होते, हा तिचा वेगळा रोग.

आतून दमट दिसले की दिवा गेलाच, असेही समजू नका. दिव्याला मागे हवा खेळायला बारीक वाट ठेवलेली असते, त्यामुळे थंडीत आतून बाष्प धरते. दिवा लावून अर्धा तास गाडी चालवा. बाष्प विरले तर दिवा ठणठणीत आहे. थेंब तसेच राहिले किंवा तळाला पाणी साचलेले दिसले, तर तडा आहे किंवा मागचे रबर गेले आहे.

मग करायचे काय? आमच्याकडे पहिला उपाय चिकटपट्टीचा. ती दिव्याच्या उष्णतेने चार दिवसांत पिवळी पडते, कडेने सुटते आणि तिच्याखाली पाणी अडकून राहते. दुसरा उपाय झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा. तो प्लॅस्टिकवर पांढरी बुरशी आल्यासारखा पसरतो, म्हणजे तडा परवडला पण डिंक नको. केसाएवढा तडा असेल, काच प्लॅस्टिकची असेल आणि आत पाणी गेलेले नसेल, तर एकच तात्पुरता इलाज पटण्यासारखा आहे. जागा स्पिरिटने पुसून कोरडी करावी, पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढावी आणि एक दिवस गाडी हलवू नये. हंगाम संपेपर्यंत तेवढे निभेल. तडा आरपार असेल, तुकडा उडाला असेल किंवा आरसा काळा पडला असेल, तर दिवा बदलायचा. यात दुसरे मत नको. आणि बदलून होईपर्यंत तो दिवा लावायचा नाही. फुटक्या फॉग लाइटपेक्षा बंद फॉग लाइट बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा लाइट खाली करून, वेग कमी करून माणूस घरी पोचतो.

बदलण्याचे काम वाटते तेवढे अवघड नसते. पुष्कळ गाड्यांत त्यासाठी सगळा बंपर उतरवावा लागत नाही. स्टिअरिंग एका अंगाला पूर्ण वळवले की चाकाच्या वरच्या काळ्या प्लॅस्टिकचे चार-दोन स्क्रू काढून दिव्याच्या मागे हात जातो. आपल्या ट्रॅक्टरचे हेडलाइट घरच्या घरी बदलणाऱ्या पोरांना हे सहज जमेल. फक्त हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. हाताचे तेल काचेवर राहते, तेवढाच ठिपका जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. काही नव्या गाड्यांत एलईडीचा बंद डबाच असतो, तिथे बल्ब निघत नाही, सगळा दिवा बदलावा लागतो. बाजारात हॅलोजनच्या दिव्यात घालायचे एलईडी बल्ब मिळतात, त्यांच्या नादी लागू नये. आतला आरसा हॅलोजनच्या तारेच्या जागेसाठी घडवलेला असतो. उजेडाची जागा जरा सरकली की वरची रेघ गेली, म्हणजे नवा दिवा घेऊन जुना तडा परत आणल्यासारखे.

विम्यातून भागेल अशी आशा धरून कोणी थांबले असेल तर तेही सांगून टाकतो. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर निम्मी घट धरतात. काचेवर घट नाही, पण आजचे दिवे बहुतेक प्लॅस्टिकचे. त्यावर पंधराशे सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला पहिले हजार रुपये आपल्या खिशातून, त्यावरच्या गाडीला दोन हजार. आणि क्लेम केला की नो-क्लेम बोनस जातो, जो पहिल्या वर्षी वीस टक्के आणि पुढे पन्नास टक्क्यांपर्यंत चढत असतो. एका दिव्यासाठी हा धंदा आतबट्ट्याचा आहे. पदरचे पैसे घालून मोकळे व्हावे.

दिवा बसवला तरी काम संपत नाही, त्याचा रोख धरावा लागतो, आणि इथे आपल्याकडे सगळा आनंद आहे. सपाट जागी गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करा. दिव्याचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीला खडूची रेघ मारा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार इंच खाली आली पाहिजे. वर आली तर समोरच्याचे डोळे दिपतात, फार खाली गेली तर पुढे काहीच दिसत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते, ते मी गट ऑफिसच्या कट्ट्यावर अनेकदा ऐकले आहे. “आमच्या दिव्याचं राहू द्या, आधी त्या ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर लावा.” मागणी रास्तच आहे. ट्रॉलीच्या पाटीवर बारीक लाल टिकली असते आणि उसाच्या लोंबणाऱ्या वाढ्यांनी तीही झाकते. वाहनांना रिफ्लेक्टर हवेतच असे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सांगतात, पण नियमाला वाढ्यांच्या आडून दिसत नाही. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. तुमच्या गाडीचा उजेड जितका त्याच्यावर पडेल तितकाच तो परत देतो. तुमचा उजेड फुटक्या काचेतून वर जाऊन धुक्यातच विरला, तर मागे लाल कापड गुंडाळलेली टायरगाडीसुद्धा तुम्हाला दिसायची नाही. तेव्हा आधी कोणी, हा वाद रस्त्यावर मिटत नाही. दोघांनाही लागते.

शिवाय उलट बाजूही सांगायला हवी. आकाश निरभ्र, चांदणे पडलेले, आणि आमचे काही तरुण सभासद चारही दिवे पेटवून लग्नाला निघाल्यासारखे कारखान्यावर येतात. फॉग लाइट हा दागिना नव्हे. धुके नसताना तो बंद ठेवावा. काही गाड्यांना मागेही एक लाल फॉग लाइट असतो. तो धुक्यात फार उपयोगी, पण धुके गेल्यावर चालू राहिला तर मागच्याला तुम्ही सारखा ब्रेक दाबताय असे वाटते आणि खरा ब्रेक त्याला कळत नाही. चारही इंडिकेटर लुकलुकवत धुक्यात गाडी पळवणेही बरे नव्हे. ती खूण उभ्या गाडीची आहे.

संचालक मंडळाकडे दोन मागण्या आहेत, खर्चाच्या दृष्टीने दोन्ही किरकोळ. केनयार्डच्या कंपाउंड भिंतीवर रंगाने उंचीच्या रेघा मारून घ्याव्यात आणि पंचवीस फुटांवर जमिनीवर चुन्याचा पट्टा ओढावा. काट्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टरवाले तासन्‌तास बसलेले असतात, तेवढ्या वेळात ट्रॅक्टरचे काय आणि मोटारीचे काय, दिव्यांचा रोख तिथेच धरता येईल. दुसरी मागणी अशी की भरलेल्या वाहनाच्या मागे, वाढ्यांच्या बाहेरून बांधता येईल असे चमकणाऱ्या पट्ट्यांचे कापड प्रत्येक टायरगाडीला आणि ट्रॉलीला द्यावे, आणि ते बांधलेले नसेल तर स्लिपबॉयने फडातच वाहन थांबवावे. कापड परत घेण्याची सोय काट्यावर खाली वाहनाचे वजन होते त्या खिडकीशी करता येईल, कारण तिथे प्रत्येक वाहनाला थांबावेच लागते.