संस्कार मोडला कोणी?

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे राजमाता जिजाऊंच्या जन्मस्थानी हजारोंचा समुदाय लोटतो. मातृशक्तीचा जयजयकार होतो. दोनच दिवसांनी संक्रांत येते आणि हळदीकुंकवाची आमंत्रणे निघतात. त्या आमंत्रणांतून पुष्कळदा एक नाव गळते. ज्या स्त्रीचा पती तिला सोडून गेला आहे, तिचे. ती विधवा नाही, घटस्फोटिता नाही आणि सवाष्ण म्हणून तिला बोलवावे की नाही, याचा निर्णय शेजारणींना होत नाही. समाजाने तिच्यासाठी एकच शब्द राखून ठेवला आहे : ‘टाकलेली’.

बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्यात ही कथा अनोळखी नाही. पती रोजगारासाठी पुण्या-मुंबईकडे जातो, तेथेच दुसरा संसार थाटतो. पत्नी मुलांसह माहेरी भावाच्या आश्रयाला येते आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी करते. गावातील वडीलधारी मंडळी बैठक बसवतात, समजूत घालतात, पुन्हा नांदायला धाडतात. ती पुन्हा परत येते. अशी दहा-दहा वर्षे जातात. या काळात कोणी घटस्फोटाचा शब्द उच्चारला, तर उत्तर ठरलेले असते : ‘विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. आपल्यात असे चालत नाही.’

विवाह हा संस्कार आहे, हे शंभर टक्के खरे. परंतु संस्कार एकट्या स्त्रीवर होत नसतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्ही पुरुषार्थांत हिचे उल्लंघन करणार नाही, असे वचन अग्नीच्या साक्षीने वराकडूनच घेतले जाते. ते वचन मोडून जो निघून गेला, त्याने संस्कार मोडला. न्यायालयात अर्ज करणारी स्त्री फक्त झालेल्या मोडतोडीची नोंद करून घेते. चोरी करणारा मोकळा आणि फिर्याद देणारी दोषी, हा कोणत्या धर्माचा न्याय?

‘आपल्यात चालत नाही’ हे विधानही अज्ञानमूलक आहे. पती बेपत्ता झाला, मरण पावला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला वा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो, असे पराशरस्मृती सांगते. याच वचनाच्या आधारे ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाचा लढा दिला आणि १८५६ चा कायदा झाला. त्या वचनाचा अर्थ लावताना पंडितांत वाद झाले, हे खरे. पण वचन परकीयांनी घुसडलेले नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात परदेशी गेलेल्या पतीची वाट किती काळ पाहावी, याच्या मुदती दिल्या आहेत. मुदत संपल्यावर स्त्री मोकळी. लोकाचाराचे काय? काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी, पाट हे शब्द मराठी भाषेत इंग्रजांनी आणलेले नाहीत. बहुजन समाजातील अनेक जातींत ही रीत पूर्वापार चालत आली आणि हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने ती मान्यही केली. प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनांपायी आज याच जाती आपली उदार रीत विसरू लागल्या आहेत.

बुलढाण्याला तर या प्रश्नाचा वारसा आहे. १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे याच गावच्या. त्यांनी शास्त्रकारांवरही कठोर टीका केली. ती सर्वांना पटेलच असे नाही. परंतु पुरुषाच्या अपराधाची शिक्षा स्त्रीने का भोगावी, या त्यांच्या प्रश्नाला त्यांच्या जन्मगावाने अजून उत्तर दिलेले नाही.

कायद्याची वाटही वऱ्हाडात उशिराच आली. मुंबई प्रांताने १९४७ सालीच, चार वर्षे सोडून जाणे हे घटस्फोटाचे कारण मानले होते. पण तेव्हा बुलढाणा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने या कारणासाठी प्रथम केवळ न्यायिक विभक्तता दिली. दोन वर्षे सलग सोडून जाणे हे घटस्फोटाचे थेट कारण ठरले, ते १९७६ च्या दुरुस्तीने. जाणूनबुजून केलेली उपेक्षाही त्यात येते. पती सात वर्षे जिवंत असल्याचे ऐकिवात नसेल, तर ते स्वतंत्र कारण आहे. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करू शकते. चिखलीच्या स्त्रीला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घटस्फोट झाला म्हणजे पोटगी बुडाली, हाही गैरसमजच. पुनर्विवाह करीपर्यंत तिला पोटगी मागता येते. मुलांचा पित्याच्या मालमत्तेवरील हक्क अबाधित राहतो. पत्नी म्हणून तिचा स्वतःचा वारसाहक्क मात्र संपतो. तो हिशेब वकिलाकडून आधी समजून घ्यावा. हीच तरतूद पत्नीने सोडून दिलेल्या पतीलाही लागू आहे.

मग अडते कोठे? दुसरे लग्न करणाऱ्याला तुरुंगात धाडावे म्हटले, तर १९६५ च्या भाऊराव लोखंडे खटल्यापासून दुसऱ्या विवाहाचे आवश्यक विधी सिद्ध करावे लागतात. गुपचूप लग्न लावणाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही. काही महाभागांनी तर दुसऱ्या लग्नासाठी धर्मच बदलला. तो डाव सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या सरला मुद्गल निकालात हाणून पाडला.

तात्काळ तीन तलाकवर २०१९ साली बंदी आली, तेव्हा हिंदू समाजाने योग्यच समाधान व्यक्त केले. त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. परंतु एकही शब्द न उच्चारता पत्नीला माहेरी सोडून निघून जाणारा हिंदू पती केवळ त्या कृत्याबद्दल कोणत्या शिक्षेस पात्र ठरतो? कोणत्याही नाही. समान नागरी कायद्याची मागणी करणाऱ्या समाजाने हा प्रश्न टाळता कामा नये. परघरचा अन्याय दिसतो आणि स्वगृहीचा ‘संस्कार’ या नावाखाली झाकला जातो, तेव्हा त्या मागणीचे नैतिक बळ घटते.

पुरोगामी मंडळी या दुःखाचे खापर हिंदू धर्मावर फोडतात. त्यांचे निदान चूक आहे. पण १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरवली ती त्यांनीच, हेही विसरता येत नाही. केवळ निदानाला नावे ठेवून रुग्ण बरा होत नसतो. २०२४ साली राज्य शासनाने लाडकी बहीण योजना आणली, तेव्हा पात्रतेच्या यादीत ‘परित्यक्ता’ हा शब्द आवर्जून घातला. शासनाच्या यादीत तिला स्थान मिळाले. कुटुंबात आणि समाजात ते अजून मिळायचे आहे.

हे काम कायदा करणार नाही. ते कार्यकर्त्यांचे आणि सुस्थित कुटुंबांचे काम आहे. गावातील बैठकीने समेटाचा एक प्रामाणिक प्रयत्न अवश्य करावा. पण पतीने दुसरा संसार मांडला असेल तर नांदायला जाण्याचा उपदेश बंद करावा. कार्यकर्त्याने तिला तालुका विधी सेवा समितीपर्यंत सोबत न्यावे, पती वेगळा राहू लागल्याची तारीख, पत्रे, साक्षीदार यांची जुळवाजुळव करून द्यावी. भावाने बहिणीला ओझे मानू नये. वधूवर मेळाव्यांच्या आयोजकांनी तिचे नाव संकोच न करता नोंदवावे. आणि पत्नीला वाऱ्यावर सोडणारा, मग तो कितीही वजनदार असो, सत्काराच्या व्यासपीठावर बसता कामा नये.

धर्म धारण करतो, असे आपण म्हणतो. ज्या स्त्रीला पतीने टाकले, तिला समाजाने धारण केले नाही, तर त्या वाक्याला अर्थ उरत नाही.