सातबाऱ्यावरचा पोटखराबा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांचे सातबारे काढून बघा. बहुतेक ठिकाणी एक शब्द हमखास सापडतो, पोटखराबा. पिकाखाली न येणारी जमीन, एवढाच त्याचा महसुली अर्थ. कातळावर भाताचं रान उभं राहत नाही, तेव्हा महसूल खात्याच्या जागी तो शब्द चूकही नाही. चूक होते ती पुढे. पिकत नाही म्हणून निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणून कशालाही देऊन टाकण्याजोगी, असा हिशेब या शब्दाच्या आडोशाने वर्षानुवर्षं चालत आला आहे. खाण पडो, प्लॉट पडोत की कारखान्याची आखणी होवो, पहिला बळी सड्याचा जातो. हा सडा आपला भूवारसा आहे, हे आता अभ्यासक सांगू लागलेत. पण तो राखायचा असेल तर त्याच्या मालकांना आणि गावाला बाजूला सारून तो कुणालाही राखता येणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुळात सडा म्हणजे काय? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा दगड तयार झाला. पुढे लाखो वर्षं उष्ण, पावसाळी हवेत त्याचा वरचा भाग झिजत, कुजत राहिला. सिलिका पाण्याबरोबर निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, आणि त्याचा जांभा झाला. या जांभ्याचं उघडं पठार म्हणजे सडा. वरचं कवच काळपट आणि इतकं टणक की पहार उसळून येते. चिरा कापला की मात्र आत तांबूस-पिवळा, नळ्यानळ्यांचा, भोकाभोकांचा दगड दिसतो. फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली मलबारातल्या याच दगडाला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत रूढ झालेला हा शब्द आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून गेलेला आहे. त्या नळ्या आणि भेगांतूनच पावसाचं पाणी मुरतं आणि सड्याच्या पायथ्याला झऱ्यांतून, विहिरींतून वर येतं. वर पोटखराबा दिसतो, त्याच्याच पोटात खालच्या वाडीचं पिण्याचं पाणी असतं.

याच कवचावर कुणा आदिम माणसांनी चित्रं कोरली. कशेळीच्या सड्यावरच्या अवाढव्य हत्तीच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. देवाचे गोठणे इथे तर कातळशिल्पाजवळ होकायंत्र धरलं की सुई भलतीकडेच वळते. हा गुण चित्राचा नव्हे, दगडाचा. 2022 मध्ये कोकणातली आणि गोव्यातली निवडक कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, याचा आनंद आहेच. मात्र आपले कायदे चित्र आणि दगड वेगळे करतात. केंद्राचा 1958 चा आणि राज्याचा 1960 चा, असे दोन्ही पुरातत्त्व कायदे प्रामुख्याने माणसाच्या हातचं काम जपण्यासाठी आहेत. म्हणजे हत्तीभोवती कुंपण पडेल आणि थोड्या अंतरावर चिरेखाणीचं पातं फिरत राहील, अशी सोय आपण करून ठेवली आहे. ज्या कातळामुळे त्या हत्तीला अर्थ आहे, तो कातळच उरला नाही तर कुंपणात काय राहणार?

यावर एक उत्तर हमखास येतं: सरकारने ताब्यात घ्यावं, तज्ज्ञांनी सांभाळावं. 2022 च्या अखेरीस केंद्राने भूवारशासाठी कायद्याचा मसुदा काढला, त्याची दिशाही हीच होती. स्थळ जाहीर करायचं केंद्राने, लागली तर जमीन संपादन करायची आणि सांभाळायचं भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने. पण नुसत्या सरकारी दर्जाने काय होतं, त्यासाठी अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा. सुमारे दोनशे फूट उंच, लाव्हारसाच्या उभ्या खांबांचा तो कडा. 1952 मध्ये त्याला संरक्षित दर्जा मिळाला, 2007 मध्ये पालिकेच्या वारसा यादीत जागा मिळाली. तरीही खाणकामाने आजूबाजूची टेकडी खाल्ली आणि इमारती पायथ्याला येऊन भिडल्या. कागद होता, पण त्यामागे रोज डोळा ठेवणारं कुणी नव्हतं.

आता कास पठार घ्या. तोही जांभ्याचाच सडा, 2012 पासून जागतिक वारशात. तिथे आसपासच्या गावांची समिती वनखात्याबरोबर फुलांच्या हंगामात येणाऱ्यांची संख्या आवरते, प्रवेशशुल्क घेते, आणि त्यातून गावच्या पोरांना काम मिळतं. घातलेलं कुंपण पुढे काढावं लागलं, कारण गुरांची चराई थांबली आणि पठाराचं चक्र बिघडू लागलं. गुराख्याचं ऐकणं हाही शास्त्राचा भाग असतो, हे तिथे पटलं. इकडे कोकणातल्या उक्षी गावातही हत्तीच्या कातळशिल्पाभोवती गोल कठडा उभा राहिला, तो गावाने मनावर घेतलं म्हणून.

चिरेखाणीवर पोट असणाऱ्यांचं काय, हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. कोकणातली घरं, गडगे, देवळं जांभ्याचीच आहेत आणि पुढेही असतील. खाणी सरसकट बंद करा, असं मी म्हणत नाही. कुठला सडा कापायचा आणि कुठला ठेवायचा, हे गावाने पाणी आणि शिल्पं बघून ठरवावं. चिरा एकदाच निघतो, झरा दरवर्षी वाहतो, आणि हा हिशेब शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. फक्त सडा राखणाऱ्या मालकाच्या हातात काही पडलं पाहिजे, कारण एका सर्व्हे नंबरला वीस-वीस हिस्सेदार असतात, त्यातले निम्मे मुंबईत, आणि खाणवाल्याचा पैसा समोर दिसत असतो. वारसा सगळ्यांचा आणि तोटा एकट्याचा, ही वाटणी न्यायाची नाही. प्रसिद्धीने पर्यटक येऊन नासधूस करतील, ही भीतीही रास्त आहे. पण कोरीव रेघेवरून गाडी घालणाऱ्याला पहिल्यांदा अडवू शकेल तो वाडीतलाच माणूस.

नव्या कायद्याची वाट बघत बसायचीही गरज नाही. जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 37 खाली राज्य सरकार स्थानिक स्वराज्य संस्थेशी विचारविनिमय करून जैवविविधता वारसास्थळ जाहीर करू शकतं. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डेची मायरिस्टिका देवराई याच वाटेने संरक्षित झाली. पावसाळ्यात सड्यावर उगवणाऱ्या वनस्पतींत काही फक्त इथल्याच आहेत, तेव्हा सड्यांसाठीही ही वाट मोकळी आहे. सुरुवात मात्र ग्रामपंचायतीच्या ठरावाने व्हायला हवी. 1 मेच्या ग्रामसभेला मुंबईकरही गावी आलेले असतात. यंदा त्या सभेच्या विषयपत्रिकेवर आपल्या सड्याचा सर्व्हे नंबर घालून घ्या.